अब्बांची वही आणि लाल ट्रॅक्टर

पारोळ्याहून धुळ्याकडे निघालं की रस्त्याच्या कडेला आमचं गॅरेज लागतं. गॅरेज म्हणजे पुढे पत्र्याची शेड, मागे सामानाची खोली आणि मध्ये एक कडुलिंब. अब्बांनी ते सुरू केलं, पुढे धाकट्या भावानं चालवलं आणि आता भावाचा मुलगा चालवतो. मी त्या घरातला बी.ए. झालेला, कविता लिहिणारा, म्हणजे हात काळे न केलेला माणूस. तरीही आज मी एका ट्रॅक्टरच्या इंजिनाविषयी बोलणार आहे. कारण ते इंजिन उघडलं तेव्हा आमच्या तालुक्याच्या इतिहासातलं एक पान माझ्यासमोर उघडलं, आणि ते वाचता येणारा घरात मी एकटाच होतो.

मागच्या उन्हाळ्यात जवळच्या खेड्यातले एक वयस्कर शेतकरी आपला जुना ट्रॅक्टर दुसऱ्या ट्रॅक्टरच्या मागे बांधून घेऊन आले. लाल रंग बराचसा उडालेला, बॉनेटला गंज. मॉडेल बी-२७५, साल १९७१. इंजिन मोबिल खात होतं, निळा धूर मारत होतं आणि सकाळी चालू होताना घामटा काढत होतं. म्हाताऱ्यांच्या मुलानं भंगारवाल्याशी बोलणीही केली होती. बाबांनी पुतण्याला एवढंच विचारलं, "मिस्तरी, हाई आते चालू व्हई का? का भंगारमा टाकी देऊ?"

पुतण्या काही बोलायच्या आत त्यांनी पुढचं वाक्य टाकलं, की हे इंजिन तुझ्या आजोबांनी बांधलेलं आहे.

मिस्त्री लोक इंजिन 'दुरुस्त करतो' असं म्हणत नाहीत. ते म्हणतात, इंजिन 'बांधतो'. घर बांधतात, धरण बांधतात, तसं. लहानपणी मला हा शब्द चुकीचा वाटायचा. आता वाटतं की तोच बरोबर आहे, कारण या कामात इंजिन आधी पूर्ण मोडून ठेवावं लागतं.

डिझेल इंजिनाची गोष्ट थोडक्यात सांगतो. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते, डिझेलमध्ये ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा पिस्टननं इतकी दाबायची की ती नुसत्या दाबानं तापते. मग तीत डिझेलचा फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन इंजिनिअरनं १८९७ साली ऑग्सबर्ग इथं असं इंजिन चालवून दाखवलं. म्हणजे सगळा खेळ दाबाचा आहे. पिस्टनच्या रिंगा झिजल्या, लायनर झिजला, की दाब निसटतो, इंजिन थंडीत उठत नाही आणि खालचं मोबिल वर चढून जळायला लागतं. बाबांच्या ट्रॅक्टरचं नेमकं हेच झालं होतं. हवेच्या फिल्टरची रबरी नळी चिरलेली होती आणि कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. नांगरताना काळ्या मातीची धूळ त्या चिरेतून किती हंगाम आत जात होती, कोण जाणे.

चेनकप्पी लावून इंजिन उतरवलं. हेड निघालं, चेंबर निघालं, चारही पिस्टन बाहेर आले. शेवटी क्रँक निघाला. पिस्टनची वर-खाली चाल गोल फिरवणारा हा वाकड्यातिकड्या आकाराचा दांडा म्हणजे इंजिनाचा कणा. तो बेअरिंगच्या पातळ पाळ्यांत फिरतो. पाळी मऊ धातूची असते आणि क्रँक कडक. झिजायचं काम पाळीनं करायचं, अशी मुळातच योजना असते. तरीही वर्षानुवर्षांनी क्रँकवर चरे पडतात. मग तो ग्राइंडिंग मशिनवर घासून पुन्हा गुळगुळीत करतात आणि जेवढा बारीक झाला तेवढी जाड पाळी बसवतात. हे घासणं ठरलेल्या मापात होतं. इंचाच्या हजाराव्या भागाला आमच्याकडे 'थाऊ' म्हणतात. पहिल्यांदा दहा थाऊ, मग वीस, मग तीस, मग चाळीस. दहा थाऊ म्हणजे साधारण पोस्टकार्डाची जाडी. चाळीसच्या पुढे बाजारात पाळी मिळत नाही. चाळीस हा शेवटचा साइज.

पुतण्यानं मायक्रोमीटर लावला. काही मापं चऱ्यांमुळे नीट लागेनात. तेव्हा त्यानं मला हाक मारली. "बडे अब्बा, दादांची वही बघता का?"

अब्बा २००३ साली गेले. ते उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकले होते. घरात हिंदुस्तानी बोलायचे, गिऱ्हाइकाशी अहिराणी आणि कचेरीत अडखळत मराठी. पण वही उर्दूत. लाल कापडी पुठ्ठ्याच्या लांब चोपड्या, तेलाचे डाग पडलेल्या. भाऊ आणि पुतण्या दोघंही मराठी शाळेत शिकले, त्यामुळे त्यांच्यासाठी त्या वह्या म्हणजे नुसत्या रेघोट्या. मला उर्दू अब्बांनीच शिकवली होती, मी हाताखाली यावं आणि हिशेब लिहावा म्हणून. मी ती शिकलो, गझला वाचू लागलो आणि गॅरेजमधून निसटलो. त्यांनी उघडपणे कधी बोलून दाखवलं नाही. पण गॅरेजला रोज जावं लागेल म्हणून मी कॉलेजचा अभ्यास सांगून अमळनेरला मुक्काम वाढवायचो, हे त्यांना कळत होतं आणि त्यांना कळतंय हे मला.

वहीत तारीख, गाव, मशीन, क्रँकचं माप, लायनर, काय काय नवं घातलं आणि शेवटच्या रकान्यात बाकी. बाबांच्या गावाचं नाव शोधत गेलो आणि तीन नोंदी सापडल्या. १९७९ : दहा. १९८८ : वीस. १९९७ : मेन वीसवरच ठेवले, बिगएंड तीस. खाली एक ओळ : 'मेन अच्छे हैं, बेकार में मत घिसो.'

म्हणजे क्रँकच्या दोन प्रकारच्या बैठकींपैकी एकीला अब्बांनी त्या वेळी हात लावला नव्हता. सगळं एकदम घासून टाकणं सोपं होतं, पण त्यांनी एक माप पुढच्यासाठी राखून ठेवलं होतं. पुतण्यानं पुन्हा मोजलं. वही बरोबर निघाली.

मी पुढे वाचत बसलो. मापांची वही वाचताना मला लक्षात आलं, की खानदेशात यंत्र कसं आलं याचा इतिहास इथं शेतकऱ्याच्या बांधावरून लिहिलेला आहे. पुस्तकांत तो वरून लिहिलेला असतो.

वरचा इतिहास असा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास बेळगावात लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होते असं शेतकरी म्हणत. नांगराला गिऱ्हाईक मिळेपर्यंत लक्ष्मणरावांना थांबावं लागलं. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि पुढे तो नांगर महाराष्ट्रभर गेला. स्वातंत्र्यानंतर ट्रॅक्टर आला तो आधी सरकारी यंत्र म्हणून. कास गवतानं पडीक झालेली जमीन खोल नांगरून काढण्यासाठी केंद्र सरकारनं ट्रॅक्टरची वेगळी संघटना उभारली. तिच्याकडे सुरुवातीला दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकी सैन्याची उरलेली यंत्रं होती. १९४९ साली जागतिक बँकेनं भारताला दिलेल्या पहिल्या कर्जांपैकी एक, एक कोटी डॉलरचं, याच कामाच्या यंत्रांसाठी होतं. १९५१ मध्ये सगळ्या देशात मिळून सुमारे साडेआठ हजार ट्रॅक्टर होते. आज एवढे एखाद्या जिल्ह्यातसुद्धा निघतील.

ते सारे परदेशी. १९५७-५८ च्या सुमारास देशाकडचं परकीय चलन आटलं, आयातीवर निर्बंध आले. यंत्र बंद पडलं की सुटा भाग विलायतेहून कधी येईल याचा भरवसा नाही. मग ट्रॅक्टर इथंच बनवायचं ठरलं. २४ एप्रिल १९५९ रोजी फरिदाबादच्या आयशर कारखान्यातून देशात बनलेला पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला. १९६३ साली महिंद्र, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि १९६५ पासून मुंबईत कांदिवलीला बी-२७५ बनू लागला. हे मॉडेल मूळ इंग्लंडमधल्या डॉनकास्टरच्या कारखान्याचं. चार सिलिंडर, पस्तीस अश्वशक्ती. एका बैलजोडीची ताकद साधारण एक अश्वशक्ती धरतात. म्हणजे गोठ्यात पस्तीस जोड्या एकदम बांधल्यासारखंच, आणि चारा नाही. त्या काळात ट्रॅक्टरसाठी नाव नोंदवून वाट पाहावी लागे. बाबांच्या वडिलांनी अशीच वाट पाहिली होती.

आता वहीतला इतिहास. अब्बांचे मामा अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये फिटर होते. पाना धरायला अब्बा त्यांच्याकडे शिकले. आमच्या भागातले बरेच जुने मिस्त्री असेच घडले. कोणी गिरणीत, कोणी कापसाच्या जिनिंगमध्ये, कोणी विहिरीवरची ऑईल इंजिनं खोलता खोलता. ट्रॅक्टर आला तेव्हा त्याला हात लावणारी माणसं आधीच तयार होती. कोणत्याही योजनेत त्यांच्यासाठी तरतूद नव्हती. कंपनीचं जाडजूड पुस्तक इंग्रजीत होतं. अब्बांनी ते कधी वाचलं नाही. त्यातली चित्रं मात्र त्यांना पाठ होती.

वहीची सुरुवातीची पानं ऑईल इंजिनांची आहेत. ट्रॅक्टर अधूनमधून येतो. १९७२ च्या दुष्काळानंतर तो वाढत जातो. या दुष्काळात चाऱ्याअभावी लोकांनी बैल मिळेल त्या भावाला विकले. पाऊस आला तेव्हा अनेकांच्या दावणीला जोडी उरली नव्हती आणि ज्याच्याकडे ट्रॅक्टर त्याच्याकडे गावाची नांगरट, असं झालं. त्या वर्षांत वहीचा शेवटचा रकाना लांबत गेलेला दिसतो. 'बाकी : कपास पर.' कापूस विकल्यावर देतो. काही नोंदींच्या पुढे पैसे मिळाल्याची खूण आहे, काहींच्या पुढे नाही. अशांचं इंजिनही अब्बांनी पुढच्या वेळी बांधलेलं दिसतं.

वहीत काय नाही तेही सांगायला हवं. आखाजीला सालदाराचं साल ठरायचं. वर्षभराचं धान्य, कपडे, रोकड ठरवून माणूस मालकाच्या शेतात राबायचा. ट्रॅक्टर आला तसे अनेक ठिकाणी दोनाचा एक सालदार झाला, एकाचा एकही राहिला नाही. ती माणसं सुरतेच्या रस्त्याला लागली. जिथून त्यांना एस.टी. मिळायची तो रस्ता आमच्या गॅरेजसमोरूनच जातो. अब्बांनी बांधलेल्या प्रत्येक इंजिनाच्या मागे असं कोणी असेल. त्याची नोंद ना कंपनीच्या कागदात, ना आमच्या वहीत. आपलं घर ज्या कामावर चाललं त्याची ही बाजू मला उशिरा दिसली.

बाबांचा क्रँक धुळ्याला ग्राइंडिंगला गेला. मेन तीस, बिगएंड चाळीस. अब्बांनी राखून ठेवलेलं ते एक माप आता कामी आलं. तिकडे पंप आणि नोझल तपासायला दिले. इकडे शेडमध्ये पुतण्यानं लायनर बदलले, व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासले. सुटे भाग मिळाले. या मॉडेलचं उत्पादन इंग्लंडमध्ये १९६८ साली थांबलं, पण आपल्याकडे ते पुढे अनेक वर्षं चालू राहिलं. १९७७ साली ती कंपनी महिंद्रमध्ये विलीन झाली. अमेरिकेतल्या इंटरनॅशनल हार्वेस्टरनं १९८०च्या दशकात शेतीचा धंदा विकला. डॉनकास्टरचा कारखाना २००७ मध्ये बंद पडला. आणि पारोळ्याच्या शेडमध्ये त्यांच्या मॉडेलसाठी नवे पिस्टन खोक्यातून निघत होते.

अब्बा बोल्ट हाताच्या अंदाजानं आवळायचे. पुतण्या टॉर्क पान्यानं आवळतो, 'कट्' आवाज आला की थांबतो. मी कागद-पेन्सिल घेऊन मापं लिहीत बसलो होतो. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी अब्बांच्या मनासारखा मी पहिल्यांदा हिशेबनीस झालो. टॅपेट लावताना पुतण्या पुटपुटत होता, "एक-तीन-चार-दोन." बहुतेक चार सिलिंडरच्या इंजिनांत याच क्रमानं एकेक सिलिंडर पेटतो. ओळीनं एक-दोन-तीन-चार पेटले तर धक्के बसतील. अब्बा हेच चार आकडे चहा ढवळताना म्हणायचे. लहानपणी मला ते एखाद्या बहराचं वजन वाटायचं. पुढे गझलेचं वृत्त शिकताना मात्रा कुठं पडते हे मला पटकन कळायचं, ते कुठून आलं हे मी कधी कोणाला सांगितलेलं नाही.

एक प्रश्न मी बाबांना विचारला. एवढा खर्च करण्यापेक्षा नवा का नाही घेत? २०२२-२३ या एका वर्षात देशात नऊ लाखांहून जास्त ट्रॅक्टर विकले गेले. बँका दारात उभ्या आहेत. बाबा म्हणाले, नवा घेतला की ट्रॅक्टर माझा आणि हप्ता बँकेचा. कापूस पिकला नाही तर ट्रॅक्टर बँकेचा आणि हप्ता माझा. याला हप्ता नाही. ट्रॉली ओढतो, थ्रेशर चालवतो, तेवढं मला पुरे.

त्यांचा मुलगा बाजूला उभा होता. तो काही बोलला नाही. त्यालाही त्याच्या बाजूनं कारण होतं. जुन्या यंत्रामागे हंगामाचे दिवस जातात, पावसाचा अंदाज हुकतो आणि वाट पाहणारं शेत थांबत नाही. कोण बरोबर हे मी ठरवणार नाही. पण त्या दिवशी मला एक गोष्ट दिसली. हा ट्रॅक्टर अर्धं शतक टिकला तो नुसत्या मजबूत लोखंडामुळे नाही. तो उघडता येतो. झिजणारा भाग वेगळा काढता येतो, मोजता येतो, बदलता येतो. आणि आमच्यासारख्या गावात तो उघडणारा माणूस होता. या दोन्हींपैकी एक नसतं तर वीस वर्षांतच तो भंगारात गेला असता.

इंजिन चढलं. पुतण्यानं पंपाचा स्क्रू सैल करून डिझेलमधली हवा काढली. बुडबुडे थांबून नितळ धार आली. बाबांनी नारळ आणला होता. पुतण्यानं हीटर दिला, मनात मोजलं, बिस्मिल्ला म्हणून स्टार्टर दाबला. एकदा, दोनदा काही नाही. तिसऱ्यांदा पांढरा धूर, एक खोकला आणि मग चारही सिलिंडर लागले. आधी सगळ्यांनी पाहिला तो तेलदाबाचा काटा. तो वर चढला आणि तिथंच राहिला. बाबांनी नारळ फोडला. मुलानं इतक्या वेळानं पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवला.

"पहिले काही दिवस जड काम देऊ नका," पुतण्यानं सांगितलं. "आणि नळी बघत जा. हा क्रँक आता पुन्हा घासला जाणार नाही. चाळीसच्या पुढे साइज नाही."

"मना बी नई," बाबा म्हणाले आणि सीटवर चढले.

संध्याकाळी पुतण्यानं अब्बांची वही मागितली. १९९७ च्या नोंदीखाली थोडी जागा होती. तिथं त्यानं मराठीत लिहिलं : मेन तीस, बिगएंड चाळीस, लायनर-पिस्टन नवे, हवेची नळी नवी. उर्दू ओळी उजवीकडून येतात, त्याची मराठी डावीकडून गेली. शेवटच्या रकान्यात त्यानं लिहिलं, 'बाकी : कापसावर.'

सध्या मी त्या वह्या देवनागरीत उतरवून घेतो आहे, कारण माझ्यानंतर त्या वाचणारं घरात कोणी नाही. काम सावकाश चाललंय, काही अक्षरं तेलानं गेली आहेत. आपल्या गावात एखादं जुनं गॅरेज, लेथ, इंजिनाचं दुकान असेल तर तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना एकदा विचारा, त्यांनी काही लिहून ठेवलंय का. लिहिलेलं असेल तर ते रद्दीत जाऊ देऊ नका. नसेल तर समोर बसा, ते सांगतील ते तुम्ही लिहून घ्या. क्रँक कोणत्या साइजवर आहे एवढं कळलं तरी पुढच्या माणसाचं काम सोपं होतं.